घरच्या घरी पृथ्वीप्रदक्षिणा

सहामाहीचे पेपर घरी आले आणि आमच्या सहावीतल्या लेकीचा भूगोलाचा पेपर बघून माझा पारा चढला. वीसपैकी सहा! "अगं, नुसतं पाठ करायचं असतं ना? तेवढंही होत नाही?" मी ओरडले. ती रडेल असं वाटलं होतं, पण तिने उलट मलाच विचारलं, "आई, नदी वरून खाली वाहते ना? मग आपली तापी नकाशात आडवी कशी वाहते? आणि तीसुद्धा डावीकडे?"

क्षणभर मला काही सुचेना. मग लक्षात आलं, पोरीने नकाशातलं 'वर' आणि डोंगरावरचं 'वर' एकच समजलंय. मी म्हटलं, "नकाशात वर म्हणजे उत्तर. उंच नाही काही." लगेच पुढचा प्रश्न, "मग आपल्या घरात उत्तर कुठेय?"

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? सतरा वर्षं मी या घरात स्वयंपाक करतेय. देवघरामुळे पूर्व तेवढी ठाऊक. पण उत्तर दाखवायला हात उचलला तो भलत्याच भिंतीकडे गेला. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिकडे नव्हे गं, सातपुडा इकडे."

मी बी. ए. झालेली बाई. बचत गटांच्या बैठका घेते, बायकांना बँकेचे अर्ज भरायला शिकवते. आणि सातपुडा कुठल्या भिंतीपलीकडे आहे ते मला ठाऊक नव्हतं! लेकीचे सहा गुण माझेच होते असं त्या दिवशी वाटलं. शाळेत असताना मीसुद्धा 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' पाठ करूनच पुढे गेले. घरात अ‍ॅटलास एकच, तो भावाच्या दप्तरात. "तुला कुठे जायचंय एवढं?" असं कोणीतरी हसत म्हणायचं, आणि मीही हसायचे. माझ्या लेकीने तरी असं हसू नये, एवढंच मनात आलं आणि आम्ही घरातच कामाला लागलो. त्या वर्षभरात केलेले उद्योग आज तुम्हाला सांगते. खर्च म्हणाल तर फारसा नाही. पसारा मात्र भरपूर!

तापी अंगणात उतरली

सुरुवात ओट्यापासून केली. लेक आणि तिसरीतला धाकटा, दोघांनी मिळून प्रत्येक खोलीत चार भिंतींवर पू., प., उ., द. अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवडाभर घरात एकच नियम, उजवं-डावं म्हणायचं नाही. "आई, डबा फ्रिजच्या पश्चिमेला ठेवलाय." "बाबा, तुमचा चष्मा टीव्हीच्या दक्षिणेला." यजमान वैतागले, पण आठ दिवसांत सगळ्यांना दिशा पाठ झाल्या. मलाही!

मग नदी. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून दोन घमेली वाळू मागून आणली. अंगणात उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं खोरं. पूर्वेच्या टोकाला धाकट्याने लोटाभर पाणी ओतलं. पाणी तिथेच थबकलं. पुढे जाईचना! लेकीने थोडा विचार केला आणि पूर्वेकडच्या वाळूखाली दोन विटा सरकवल्या. आता पाणी सरसर पश्चिमेला निघालं. "म्हणजे मुलताई उंच आहे!" ती ओरडली.

तेच तर! तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या, गोदावरी, कृष्णा, पूर्वेकडे जातात. आपली तापी आणि वरची नर्मदा मात्र पश्चिमेला. उताराचा सगळा खेळ. हे पुस्तकात होतंच. पण विटा सरकवल्याशिवाय डोक्यात शिरलं नव्हतं.

मग एकेक उपनदी बोटाने कोरली. चांगदेवला मिळणारी पूर्णा तर मुक्ताईच्या यात्रेमुळे सगळ्यांना माहीत. जळगावजवळची गिरणा, आणि धुळ्याच्या मावशीच्या गावातून वाहणारी पांझरा. दोघी शेवटी तापीतच येतात. "म्हणजे आमचं आणि मावशीचं पाणी शेवटी एकच!" धाकटा म्हणाला. मी मनात म्हटलं, सहामाहीत हा प्रश्न आला असता तर किती बरं झालं असतं!

उपवासाचं ताट परदेशी

दुसरा उद्योग स्वयंपाकघरातला. खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडला तो हाच. जुन्या कॅलेंडरच्या चार पाठकोऱ्या बाजू जोडल्या, त्यावर जगाचा नकाशा मोठा करून काढला. मोठा करायला चौकटींची युक्ती वापरली. पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलने लहान चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेका चौकोनातली रेघ उतरवत जायची. रांगोळी काढणाऱ्या बाईला हे शिकवायला लागत नाही.

मग डबे उघडले. प्रत्येक डब्यातलं चिमूटभर घ्यायचं आणि ते मुळात ज्या भागातलं, तिथे डिंकाने चिकटवायचं. मिरची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे पोचली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पेरूच्या अँडीज पर्वतातला. मका मेक्सिकोचा. ज्वारी आफ्रिकेतली, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली, आणि बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. या दोघी हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. चहा चीनचा, कॉफी इथिओपियाची. लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्याकडे हिंगाची लागवड हिमाचलच्या लाहौल-स्पितीत सुरू झाली तीच २०२० साली.

"मग आपलं काहीच नाही का?" धाकटा हिरमुसला. आहे की! तूर, उडीद, मूग, तीळ आपले. काळी मिरी केरळची. आणि आपल्या भरताच्या वांग्याचं मूळही आपल्याच भागातलं मानतात. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आफ्रिकेची आणि उडीद इथला. भरतात वांगं घरचं, पण मिरची आणि शेंगदाणे समुद्रापलीकडचे. मिरचीशिवाय खान्देशी भाजी डोळ्यांसमोर आणून बघा बरं!

खरी गंमत एकादशीला झाली. लेकीने उपवासाच्या ताटाचा नकाशा करायला घेतला. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथलाच. मिरची, रताळं अमेरिकेकडचं. राजगिरासुद्धा! सगळ्या खुणा नकाशाच्या एकाच बाजूला जमल्या. सासूबाई बघत होत्या. खिचडीचा घास हातात तसाच राहिला.

"म्हणजे चाळीस वर्षं मी परदेशी खाऊन एकादशी करतेय होय?"

आम्ही हसून हसून बेजार. मग त्यांनीच विचारलं, "भगर तरी आपली ना?" भगर आपलीच, असं कळल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर त्या रोज काही ना काही घेऊन नकाशापाशी यायला लागल्या. "पेरूचं गाव कोणतं? सीताफळ? पपई?" ही तिन्ही अमेरिकेकडची, हे ऐकून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. शाळा चौथीत सुटलेली बाई ती. तिच्या आवाजात नातवंडांइतकीच उत्सुकता होती.

केळीची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्या घरची. केळ मूळचं न्यू गिनी आणि आग्नेय आशियाकडचं. आज जगात सगळ्यात जास्त केळी आपल्या देशात पिकतात. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जगात सगळ्यात जास्त केळी बाहेर पाठवतो तो देश म्हणजे दक्षिण अमेरिकेतला इक्वेडोर. आपली बरीचशी केळी आपणच खातो ना! त्या देशाचं नाव स्पॅनिश भाषेत, आणि त्याचा अर्थच मुळी 'विषुववृत्त'. लेकीने नकाशावर रावेर आणि इक्वेडोर यांच्यामधे पिवळा दोरा बांधला आणि म्हणाली, "आई, 'भौगोलिक मानांकन' म्हणजे भूगोलात मिळालेले मार्कच ना? मग जळगाव पास झालं!"

फुग्याची पृथ्वी

आता पृथ्वीचा गोळा. बाजारात तयार मिळतो, पण करण्यात जी मजा आहे ती विकत घेण्यात नाही. मोठा फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवायचे. चार-पाच थर. वाळला की फुगा फोडायचा आणि रंग द्यायचा. इतकं सोपं.

पहिला गोळा आम्ही वाळायला गच्चीवर ठेवला. जळगावचं ऊन ते! हवा तापून फुगा आतल्या आत फुटला आणि ओली पृथ्वी चिपाडासारखी चेपली. दुसरा गोळा सावलीत, पंख्याखाली वाळवला. त्यावर आफ्रिका एवढी ऐसपैस निघाली की अंटार्क्टिकाला जागाच उरली नाही. तिसरा जमला. तुमचाही पहिला बिघडला तर हिरमुसू नका.

गोळा झाला की मग मोसंबी घ्या. तिच्यावर बॉलपेनने खंड काढा, साल अलगद अखंड सोला आणि पाटावर दाबून सपाट करा. साल फाटते. फाटल्याशिवाय सपाट होतच नाही. नकाशा काढणाऱ्यांची अडचण नेमकी हीच. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर कुठेतरी ताणावं लागतं. म्हणून भिंतीवरच्या कितीतरी नकाशांत उत्तरेचं ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे, आणि आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट. नकाशासुद्धा डोळे उघडे ठेवूनच वाचायचा असतो, हे मुलांना मोसंबीच्या सालीने शिकवलं. मोसंबी नंतर खाल्ली, हे वेगळं सांगायला नको.

जळगाव ते धुळे, तीन मिनिटं

मे महिन्याच्या सुट्टीत धुळ्याच्या मावशीशी मिळून मोठा प्रयोग केला. जळगावला सूर्य माथ्यावर आल्यावर धुळ्यात किती वेळाने येतो, हे मोजायचं. ऐकून बहीण म्हणाली, "ताई, उन्हात मुलं भाजून काढायची आहेत का तुला?" पण या पद्धतीत भर दुपारी उन्हात उभं राहावंच लागत नाही.

गच्चीवर एक काठी ओळंबा लावून अगदी सरळ उभी केली. तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी काठीची सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाला टेकते. ती वेळ लिहायची आणि घरात जाऊन कैरीचं पन्हं प्यायचं. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत वाढत दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकते. तीही वेळ लिहायची. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे खरी मध्यान्ह. आणि वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. ही आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांची पद्धत, काही नवीन नाही. काठीची उंची आणि वर्तुळाचं माप दोन्ही गावांत सारखं ठेवलं.

पहिल्या दिवशी फरक आला आठ मिनिटांचा. मुलं खूश, पण मला शंका. फोनवर विचारलं तर बहीण म्हणते, "अगं, आमचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढेच असतं, सकाळची गडबड होऊ नये म्हणून!" घरोघरी मातीच्या चुली. दुसऱ्या दिवशी दोघींनी मोबाइलवरची वेळ धरली. आमच्याकडे सावली १० वाजून ४० मिनिटांनी आणि २ वाजून १० मिनिटांनी टेकली. मध्यान्ह १२ वाजून २५ मिनिटांनी. धुळ्यात १० वाजून ४३ आणि २ वाजून १३. मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांनी. फरक तीन मिनिटं!

लेक म्हणाली, "पण मध्यान्ह बाराला का नाही?" कारण आपली सगळ्या देशाची घड्याळं चालतात ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, हे मुलांनी तेव्हा ऐकलं आणि पुन्हा विसरली नाहीत.

आता खरी मजा. जळगाव ते धुळे सरळ रेषेत साधारण ऐंशी किलोमीटर. एवढं अंतर सूर्य तीन मिनिटांत ओलांडतो. दिवसाची मिनिटं १४४०. त्यात तीन-तीन मिनिटांचे ४८० तुकडे. ४८० गुणिले ८० म्हणजे ३८,४०० किलोमीटर. आपल्या गावातून पृथ्वीला पूर्व-पश्चिम फेरी मारली तर ती साधारण ३७,४०० किलोमीटर भरते. विषुववृत्तावर ती ४०,०७५. दोन काठ्या, एक खडू आणि एक फोन, एवढ्यावर आमच्या पोरांनी पृथ्वी मोजली! मी त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत बसले.

हे काम पहिल्यांदा केलं ते सव्वीसशे नाही, पण बाविसशेहून अधिक वर्षांपूर्वी, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या इरॅटोस्थेनीसने. दक्षिणेतल्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या अस्वानला, वर्षातून एका दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाशी पोचतं असं त्याला कळलं होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. त्या सावलीच्या कोनावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. आपल्याकडेही मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्याच्या सुमारास पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढग दिसू देतील तर! माझ्या माहेरच्या विहिरीत त्या दिवशी ऊन तळाला जातं का ते बघायची मुलांना फार हौस होती. विहीर उघडीच होती, पण तळाला पाणीच नव्हतं. ऊन कोरड्या दगडांवर पडलं. वडील म्हणाले, "आमच्या लहानपणी याच दिवसांत इथे पोहायचो आम्ही." तो धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आणि हो, खान्देशाला हे सगळं नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला कधी गेलात तर तिथला शिलालेख जरूर बघा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला, असं त्यात कोरलंय. लेख इ. स. १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० सालचा, आणि त्यातला एक भाग आहे 'गोलाध्याय'. मोठ्या गोलाचा लहानसा तुकडा सपाटच दिसतो, म्हणून पृथ्वी आपल्याला सपाट वाटते, हे त्यात समजावलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात मुलं पृथ्वीच्या गोळ्याचा अभ्यास करत होती. मुली करत होत्या का, ठाऊक नाही. आता मात्र करायला हरकत नाही.

कुवेतमध्ये किती वाजले?

हे सगळं गमतीचं झालं. पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट पुढेच आहे.

आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या काकू अमळनेरकडच्या. मुलगा दीड वर्षापूर्वी कुवेतला कामाला गेला. गेले काही महिने काकू गप्प गप्प असायच्या. एकदा भांडी घासता घासता डोळे पुसताना दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, पोरगा बदलला. पहाटे पाचला उठून पहिलं काम म्हणजे त्याला फोन लावायचा, देवाच्या आधी त्याचा आवाज ऐकायचा. आणि तो चिडतो. "आई, आत्ता नको," म्हणून फोन ठेवतो. कधी उचलतच नाही. "पैसा दिसना, ताई, मग माय कशाला दिसी?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मलाही काही बोलवेना.

एका दुपारी त्या फरशी पुसताना टेबलावरच्या गोळ्यापाशी थांबल्या. हात पदराला पुसून लेकीला विचारलं, "बाई, ह्या गोयामा मना पोऱ्या कोठे शे?"

लेकीने इराणच्या आखाताच्या अगदी टोकाशी लाल ठिपका काढला. मग खोलीचे पडदे ओढले, धाकट्याच्या हातात बॅटरी दिली, तो झाला सूर्य. गोळा हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला. "बघा काकू, आधी आपण उजेडात येतो. कुवेत अजून अंधारात आहे. आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुम्ही पाचला उठता ना, तेव्हा दादाकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात."

काकू एकदम खाली बसल्या.

"आडीच? रातना?"

"हो काकू. तुम्ही त्याला झोपेतून उठवता."

बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी पोराले रोज अर्ध्या रातले उठाडस... आनि मीच रडस." त्या दिवशी फरशी तशीच राहिली. मी चहा टाकला.

त्या रात्री दहाला त्यांनी फोन लावला आणि मुलाने उचलताच विचारलं, "तुनाकडे साडेसात वाजनात ना रे? जेवना का?" पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "आई, तुला कसं कळलं?" हे सांगताना काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता. मुलगा कामाच्या पाळीने थकलेला, त्याने कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं, आणि यांनी कधी विचारलं नव्हतं. मायलेकरांमधे दुरावा नव्हताच. होता तो अडीच तासांचा फरक.

आता काकूंनी स्वतःहून आमच्या स्वयंपाकघराच्या नकाशावर कुवेतपाशी एक खजुराची बी चिकटवलीय. मुलाने पाठवलेल्या खजुराची. एक दिवस धाकट्याने त्यांना गिरणेपासून बोट फिरवत नेलं. गिरणेतून तापी, तापीतून सुरत, सुरतेहून अरबी समुद्र, मग होर्मुझची सामुद्रधुनी, आखात आणि टोकाला कुवेत. "काकू, आपलं पाणी दादापर्यंत जातं." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग पानी तरी जाई येस. मी बी जासू एक दिन."

वीसपैकी सहा गुणांवरून मी जिला ओरडले होते, तिने हे केलं. वार्षिकला तिला तेरा पडले. पण आता मी ते कुणाला सांगत नाही. कुवेतची गोष्ट सांगते.

वाण नकाशाचं

मकरसंक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, आपल्याकडे शाळा-कॉलेजांत भूगोल दिन साजरा होतो. गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटल्या नाहीत. जगाचा आणि महाराष्ट्राचा असे दोन छापील नकाशे गुंडाळून, त्याला तिळगुळाची पुडी बांधून वाण दिलं. एक-दोघींनी नाकं मुरडली. पण पंधरा दिवसांनी बचत गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "ताई, आमच्याकडे नकाशा दाराच्या मागे लावलाय. सून विचारते, गुगलवर बघू का? म्हटलं, आधी बोटाने शोध." दुसरीचा मुलगा पुण्याला, तिसरीची लेक लग्न होऊन सुरतेला. सगळ्यांच्या घरी आता नकाशावर एकेक टिकली आहे, कपाळाला लावायची लाल टिकली. आपलं माणूस कुठे आहे ते एका नजरेत दिसतं.

आपल्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण शेत, वारा, पाऊस, चूल यांतून त्यांनी जग वाचलं. तेव्हा 'आम्हाला कुठे येतं' असं म्हणून मागे सरू नका. मुलांना शिकवायला भूगोल यावा लागत नाही. त्यांच्याबरोबर शोधायची तयारी असली की पुरते.

तुम्हीही करून बघा

• घराच्या भिंतींवर दिशांच्या चिठ्ठ्या लावा. आठवडाभर उजवं-डावं बंद.

• डाळी, मसाले, फळं यांचा नकाशा करा. रोज एकच पदार्थ. एकदम सगळं केलं तर मुलं कंटाळतात.

• फुग्याचा गोळा सावलीतच वाळवा. उन्हात ठेवू नका!

• काठी आणि वर्तुळाचा प्रयोग दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांबरोबर करा. गाव पूर्वेला किंवा पश्चिमेला जितकं लांब तितका फरक मोठा. दोन्हीकडे मोबाइलची वेळ धरा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मुलांना आधी बजावा.

• घरातलं कोणी परगावी, परदेशी असेल तर नकाशावर टिकली लावा आणि शेजारी तिथल्या वेळेचा फरक लिहा. दुबई आणि मस्कत आपल्या दीड तास मागे, कुवेत, कतार आणि सौदी अडीच तास मागे.

आणि एक. मूल काही विचारेल आणि तुम्हाला येणार नाही, तेव्हा "गप्प बस" म्हणू नका. "चल, बघू," म्हणा. मला उत्तर दिशा सापडायला सतरा वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत!